आतलं नाजूक, सरळ धरणे

२३ फेब्रुवारी

आत्या,

माझं सगळं बदललं ते मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता. वेळ पक्की आठवते, कारण मी घरात शिरलो तेव्हा पुढच्या खोलीतल्या घड्याळाखाली, जिथे आईचा फोटो असतो, तिथे नुसता फिकट चौकोन होता.

तू फोन ठेवलास आणि म्हणालीस की यापुढे काय ते लिहून कळव, कागदावर ओरडता येत नाही. येतं!!! हे बघ!!!

तर झालं असं. मी कॉलेज सोडलं. हे तुला आता कळतंय, बाबांना त्या दिवशी कळणार होतं, मी तेच सांगायला गेलो होतो. तिसऱ्या वर्षाची परीक्षा तीन महिन्यांवर आहे हे मलाही माहीत आहे, ते लिहू नकोस. कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे असलेली एक मुलगी आहे, ती पास होऊन या गावात, जिथून हे लिहितोय, नोकरीला लागली. मोजणीच्या ऑफिसात आहे, नकाशे काढते. मी तिकडे वर्गात बसून द्रवांचे उत्कलनबिंदू लिहायचे आणि ती इकडे, हे मला जमेना. जमेना म्हणजे शरीराने जमेना, आत्या. जेवण जाईना. तेव्हा मी ठरवलं की बाबांना सांगायचं, मी तिच्या गावी जातोय, आमचं ठरलंय, घरातला माझा वाटा काय असेल तो सांगा, म्हणजे तिच्या आईवडिलांना तोंड दाखवता येईल. तिचे वडील एकच प्रश्न विचारतात: राहणार कुठे?

आणि मी शिरतो तो काय बघतो! बाबांच्या फ्रेमच्या दुकानातलं काच कापायचं टेबल घरात आणलेलं, त्यावर आईचा फोटो पालथा पडलाय, बाबा त्याच्या पाठीला कागदी टेप लावतायत, आणि शेजारी ती पडदेवाली तळहातावर बारीक खिळे घेऊन उभी. चार वर्षं झाली तिला या घरात येऊन. चार वर्षं मी गप्प बसलो. समोरच्या गल्लीत पडदे शिवायची, माप घ्यायला आली आणि राहिली. ठीक आहे म्हटलं. पण आईला भिंतीवरून काढायचं?

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. बाबा एवढंच म्हणाले, "ऐकून तरी घे." मी फोटो उचलला आणि निघालो. दार असं आपटलं की फ्रेमचा कोपरा चौकटीला लागला आणि काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. आता आई माझ्या खोलीत आहे, चेहऱ्यावर तडा घेऊन. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतलीये. काचेच्या दुकानात काम मिळालंय, बापाने एवढं तरी शिकवलं.

मुद्द्यावर येतो. घराचा आणि दुकानाचा काहीतरी ट्रस्ट आहे आणि त्यात तुझं नाव आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझा वाटा मला आत्ता मिळवून दे. नंतर मिळाला तर त्याचा मला काही उपयोग नाही.

तोफ

४ मार्च

प्रिय तोफ,

पत्र पोचलं. उद्गारचिन्हं मोजली, एका ओळीत सहा आहेत. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या बिलावरही एवढे आकडे नव्हते.

कॉलेजचं मी काही लिहीत नाही. तू सांगितलंस म्हणून नव्हे, लिहायला घेतलं तर पान पुरणार नाही म्हणून.

आता ट्रस्टचं. दस्त नोंदवायच्या कचेरीत मी एकतीस वर्षं काढली, त्यामुळे हे मला झोपेतही सांगता येतं. तू चार वर्षांचा होतास. तुझ्या आईने एका रविवारी माझ्यासमोर तुझ्या बाबांना विचारलं, "आपण दोघं एकदम गेलो, तर या पोराचं काय?" तुझा बाप म्हणाला, "सकाळी सकाळी काय हे!" पण आठवड्याने दोघं वकिलाकडे गेले. मृत्युपत्र केलं असतं तर ते माणूस गेल्यावर जागं होतं, मग कोर्ट, मग तारखा. म्हणून त्यांनी हयातीतच ट्रस्ट केला. घर आणि खालचं दुकान ट्रस्टच्या नावावर गेलं. जिवंत असेपर्यंत तेच दोघं ट्रस्टी, तेच उपभोग घेणारे, आणि वाटेल तेव्हा तो दस्त बदलायचा हक्क त्यांनाच. दोघांनंतर मी ट्रस्टी. तू एकवीसचा झाल्यावर मी सगळं तुझ्या हातात द्यायचं. त्या दस्तात तुझ्या नावापुढे 'अज्ञान' असं लिहिलंय. कायद्यात तो लहान मुलासाठीचा शब्द आहे. मी अजून तो खोडलेला नाही.

तेव्हा 'आत्ता वाटा' असं काही नसतं. बाबा धडधाकट आहे तोवर तुझा वाटा म्हणजे त्याच्या घरातली तुझी खोली, बस.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला खटकते, ती तुला सांगते. असला दस्त कपाटात ठेवून विसरायचा नसतो. मूल झालं, कोणी गेलं, नवं लग्न झालं, आजारपण आलं, की तो काढायचा, वाचायचा आणि स्वतःला विचारायचं, हे अजून आमच्याच घराबद्दल लिहिलंय का? माझ्या टेबलावरून असे किती दस्त गेले की ज्यांत मेलेल्या बायकोला घर दिलेलं आणि जिवंत बायकोचं नावच नाही! तुझी आई गेली तेव्हा मी त्याला म्हटलं, बदल. दुसरं लग्न केलं तेव्हा म्हटलं, बदल. तो आपला म्हणतो, "करतो ग, एक फ्रेम हातात आहे." याच्या हातात कायम एक फ्रेम असते.

त्या बाईला 'पडदेवाली' म्हणू नकोस. शिवाय, फोटो भिंतीवरून काढलेला तू पाहिलास. का काढला ते विचारलंस का?

आत्या

२ एप्रिल

आत्या,

तुला तिकडून कळलं असेलच. बाबांची उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. मला त्या बाईने फोन केला. मी रात्रीच्या बसने गेलो.

खोटं लिहीत नाही, बसमध्ये मी ठरवलं होतं की माफी मागायची. मोठी नाही, छोटी. म्हणजे "काच मी फोडली" एवढी.

वॉर्डात आठ खाटा होत्या. बाबा खिडकीजवळ. मला बघितल्यावर त्यांनी डावा हात वर केला. मला वाटलं, जवळ बोलावतायत. गेलो. तर त्यांनी हवेत बोटाने एक चौकोन काढला. उभा, लांबट. वर, आडवं, खाली, आडवं. मग माझ्याकडे बोट केलं. परत चौकोन, परत माझ्याकडे बोट. आणि चेहरा असा की मी अजून लिहू शकत नाही. दार, आत्या. दाराचा आकार. ज्या दारातून गेलास तिकडे जा.

मी विचारलं, "मी जाऊ?" त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी येत होतं. ती बाई म्हणाली, "त्यांना काहीतरी हवंय रे, सकाळपासून असंच करतायत, थांब." मी तिला म्हटलं, त्यांना काय हवंय ते मला नीट कळलंय.

दुपारच्या बसने परत आलो. नकाशेवाली स्टँडवर आली होती. तिने फक्त माझी पिशवी घेतली. आत्या, एखादीने पिशवी घ्यावी आणि माणसाने स्टँडवर रडावं, असा मी आहे हे मला माहीत नव्हतं.

तोफ

११ मे

प्रिय तोफ,

महिना झाला. मी गुडघा घेऊन येऊ शकले नाही, आणि माझा भाऊ माझ्याविना गेला. तू आलास, मागच्या रांगेत उभा राहिलास आणि कोणाशी न बोलता गेलास, असं कळलं. मी रागावले नाहीये. मी तिथे असते तर मलाही कोणाशी बोलावंसं वाटलं नसतं.

हे पत्र मी आत्या म्हणून लिहायला घेतलं होतं, पण आता ट्रस्टी म्हणूनही लिहावं लागतंय. तेव्हा नीट वाच. दोनदा वाच.

परवा वकिलाचा फोन आला. जानेवारीत तुझा बाबा त्याच्याकडे गेला होता. म्हणजे माझ्या कानीकपाळी ओरडण्याचा उपयोग झाला होता, फक्त त्याने मला सांगितलं नाही. त्याने दस्तात दुरुस्ती करून घेतली. वकिलाने मसुदा टाइप करून दिला, तो घरी घेऊन गेला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन साक्षीदारांसमोर सहीही केली. साक्षीदार म्हणजे समोरचा घड्याळवाला आणि त्याची बायको. दोघंही सांगतात, सही आमच्यादेखत झाली. तो मूळ कागद वकिलाकडे आणून द्यायचा होता. दिला नाही. आता तो सापडत नाही. कपाट, दुकान, पेट्या, सगळं बघून झालं.

मसुद्यात आहे ते असं. दुकान लगेच तुझं. घरात त्याची बायको हयात असेपर्यंत राहील, तिला कोणी उठवायचं नाही. तिच्यानंतर घर तुझं. ट्रस्टीही बदललाय. कोण, ते कागद सापडला तर त्यातच वाच.

नाही सापडला तर जुना दस्त लागू. त्यात त्या बाईचं नाव कुठेच नाही, कारण तेव्हा ती आपल्या आयुष्यातच नव्हती. तू एकवीसचा झालायस, मग घर, दुकान, सगळं तुझं. आज. वकिलाने तीस जूनपर्यंत थांबायचं ठरवलंय. त्यानंतर मी सही करीन आणि किल्ल्या तुझ्या. मला वाटतं म्हणून दस्त वेगळा वाचता येत नाही.

तुझा बाप कागद पेटीत ठेवणारा नव्हताच. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्याने फ्रेम केलं नाही, माझ्या आरशामागे घालून दिलं. म्हणाला, "काचेमागे ओल लागत नाही, वाळवी लागत नाही, आणि कोणी बघत नाही." ते अजून तिथेच आहे. रोज केस विंचरताना मी पदवीधर असते.

जेवत जा.

आत्या

२० मे

आत्या,

दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना उभा राहून वाचलं.

कागद सापडत नाही तर मी काय करू? मी लपवलाय का? बाबांनी शेवटी मला दार दाखवलं आणि कायदा मला घर देतोय. मला तर यात न्याय दिसतो. आणि खरं सांगू? तो कागद नसलेलाच बरा. चार वर्षांच्या ओळखीवर आईच्या घरात जन्मभर? आईने निवडलेल्या फरशीवर?

मी नकाशेवालीला सांगितलं. तिने त्याच दिवशी ऑफिसातून एक मोठा कागद आणला आणि मी सांगत गेलो तसा घराचा नकाशा काढला. खाली दुकान, मधला दरवाजा, पुढची खोली, स्वयंपाकघर, जिना. प्रत्येक खोलीला ती नाव लिहीत होती. "ही अभ्यासाची," म्हणाली. मी म्हटलं, "कोणाचा अभ्यास?" म्हणाली, "तुझा. तिसरं वर्ष." मी हसलो. मग मागच्या खोलीवर पेन्सिल ठेवून तिने विचारलं, "आणि ही?" तिथे शिलाई मशीन आहे. मी म्हटलं, "ती रिकामी होईल." तिने ती खोली कोरीच ठेवली. नकाशा भिंतीवर लावलाय. आत्या, तिच्या अक्षरात माझं घर बघायला किती छान वाटतं हे तुला कळणार नाही. किंवा कळेल, तू सांगितलं कधी नाहीस.

तिच्या वडिलांना आता उत्तर आहे. तीस जूननंतर आम्ही जाणार. त्याआधी आईच्या फोटोला नवी काच घालतो. तडा गेलेला फोटो घेऊन घरात शिरायचं नाही.

तोफ

१३ जून

काय लिहून सुरुवात करावी ते कळत नाही, म्हणून तशीच करते.

तुझा पत्ता आत्यांनी दिला. त्यांनी मला दस्ताचं सगळं समजावून सांगितलं. माझी तक्रार नाही. मी सामान बांधायला घेतलंय. बहिणीकडे एक खोली आहे, मशीन मावेल. तीस तारखेच्या आत मी निघते, तू निश्चिंत ये.

तीन गोष्टी सांगायच्या होत्या.

एक, पाण्याच्या मोटरचं बटण डावीकडचं. उजवीकडचं दाबलंस तर जळेल.

दोन, पडदे मी नेत नाही. ते त्या खिडक्यांच्याच मापाचे आहेत, दुसरीकडे कुठे बसणार नाहीत. पुढच्या खोलीतला मळखाऊ रंग तुझ्या बाबांनी निवडला होता, मी नव्हता निवडला. तुला आवडला नाही तर त्यांना बोल लाव.

तीन. त्या मंगळवारी तू आलास तेव्हा ते तुझ्या आईचा फोटो काढून टाकत नव्हते. परत लावायचाच होता, म्हणून तर मी खिळे धरून उभी होते. पाठीची टेप सुटलीये, नवी लावतो, म्हणाले. सकाळपासून काम बंद ठेवून तेवढंच करत होते. मला म्हणाले, "याला हात मीच लावणार." मला त्याचं वाईट वाटलं नाही. तू गेल्यावर ते बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. मी म्हटलं, फोन करा. म्हणाले, "थंड होऊ दे त्याला. फोटो त्याच्याकडे आहे ना, मग ठीक आहे." का ठीक आहे ते मला समजलं नाही.

हॉस्पिटलात ते चौकोन काढायचे. मी त्यांना आरसा दिला. खिडकी उघडली. पुस्तक दिलं, पाटी दिली. प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणायचे. शेवटपर्यंत मला ते कळलं नाही. तू म्हणालास तुला कळलंय. कधी जमलं तर मला सांग. मला ते कळल्याशिवाय झोप लागत नाही.

(सही कशी करू? तू मला कधीच हाक मारलेली नाहीस.)

१६ जून

प्रिय तोफ,

तुझं पत्र नाही. तुझी काच बसली का?

मुदत तीसला संपते. कागदपत्रं तयार आहेत, मी सही करीन. ट्रस्टी म्हणजे दुसऱ्याचं सांभाळणारा माणूस. स्वतःला काय वाटतं ते त्याने खिशात ठेवायचं असतं. माझा खिसा सध्या फार जड झालाय, एवढंच.

आत्या

२९ जून

आत्या,

या पत्राखाली सही नसेल. आज सकाळी वकिलाने माझ्याकडून इतक्या सह्या घेतल्या की माझं नाव मलाच अनोळखी वाटायला लागलंय. त्याचा फोन तुला आला असेल. तरी मी पहिल्यापासून सांगतो.

त्या बाईंचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी फोटो दुकानात नेला. मालकाला म्हटलं, एक काच माझ्या हिशोबात धरा. फोटो पालथा घातला. आणि आत्या, तेव्हा मी पहिल्यांदा त्याची पाठ बघितली. चार महिने माझ्या खोलीत होता, मी फक्त पुढून बघत होतो.

बाबा प्रत्येक फ्रेमच्या पाठीवर पेन्सिलने लिहायचे ना, तारीख, माप आणि 'आतलं नाजूक, सरळ धरणे'? गिऱ्हाइकाच्या जत्रेच्या फोटोवरही लिहायचे. या पाठीवर त्याच मंगळवारची तारीख होती. माप होतं. आणि 'आतलं नाजूक, सरळ धरणे' याच्याखाली दोन रेघा. बाबांनी कधी रेघ मारलेली मी बघितली नाही.

टेप कोरी होती. 'जुनी सुटलीये' हे नुसतं निमित्त असणार. मी सुरीने ती कापली, खिळे काढले, पुठ्ठा उचलला. आईच्या पाठीशी, तेलकट कागदात गुंडाळलेले दोन टाइप केलेले कागद. बाबांची सही, घड्याळवाल्याची सही, त्याच्या बायकोची वळणदार सही.

चौकोन म्हणजे दार नव्हतं, आत्या. फ्रेम होती. आणि बोट माझ्याकडे होतं कारण फोटो माझ्याकडे होता. 'तुझ्याकडे आहे' म्हणत होते. मी त्यांना विचारलं, "मी जाऊ?"

यापुढचं वाचताना मला शिव्या घाल. मी तो कागद परत आत ठेवला. नवी काच घातली, पुठ्ठा लावला, नवी टेप लावली. कोपरे सरळ आले. फोटो खोलीत नेऊन उभा केला आणि तीन दिवस त्याच्याकडे पाठ करून झोपलो. कोणाला कळणार नव्हतं. नुसतं तीस तारखेपर्यंत गप्प बसायचं होतं. मला जन्मात पहिल्यांदा गप्प बसायचा फायदा होणार होता.

मग पत्रात तू काचेचं विचारलंस. तुला माहीत होतं, हो ना? आरशामागचं प्रमाणपत्र तू उगाच नाही लिहिलंस. चौकोनाचं मी तुला एप्रिलमध्येच लिहिलं होतं. तू सरळ म्हणाली असतीस, 'फोटो उघड,' तर मी उघडला असता, कागद दिला असता आणि जन्मभर म्हणालो असतो, आत्याने घालवलं माझं घर. म्हातारे, तू फार आतल्या गाठीची आहेस.

चौथ्या दिवशी मी नकाशेवालीला सांगितलं. कागद तिच्या हातात दिला. तिने सावकाश वाचला, ऑफिसात वाचतात तसा, बोट ठेवून. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल दे, किंवा म्हणेल देऊ नको. ती भिंतीजवळ गेली आणि त्या कोऱ्या खोलीवर बोट ठेवलं.

"आम्ही मोजणीला जातो ना," ती म्हणाली, "तेव्हा टेप उघडायच्या आधी साहेब दार वाजवून विचारतात, इथे कोण राहतं? तू मला चार भिंती सांगितल्यास. इथे कोणी राहतंय हे सांगितलंच नाहीस."

"सांगितलं होतं. म्हटलं होतं, रिकामी होईल."

"तेच तर."

"मग मी तुझ्या वडिलांना काय सांगू? राहणार कुठे?"

"सायकलच्या दुकानावर," ती म्हणाली. "खालून ऑइलचा वास येतो, ते आधी सांगून ठेव. नंतर कळलं तर म्हणतील फसवलं."

ती 'हो' म्हणाली की नाही ते मला अजून कळलेलं नाही. पण भिंतीवरचा नकाशा तिने काढला नाही. मागच्या खोलीत पेन्सिलने एक छोटं शिलाई मशीन काढलं आणि गेली.

आता त्या कागदातलं तुला माहीत असलेलं आणि मला माहीत नसलेलं. कलम पाच. 'माझ्यानंतर ट्रस्टी म्हणून माझा मुलगा काम पाहील.' आत्या, ते वाचून मी दुकानातच जमिनीवर बसलो होतो. ज्याने कॉलेज सोडलं, काच फोडली, त्याला? वकिलाला आज विचारलं, माझं नाव घालण्यात बाबांची चूक तर नाही झाली? तो म्हणाला, "मीही त्यांना म्हटलं होतं, बहिणीचंच नाव राहू द्या, मुलगा तापट आहे. तर म्हणाले, तापट माणूस घरासाठी भांडतो. त्याला कोणासाठी भांडायचं तेवढं सांगून ठेवू."

घर माझ्या नावावर, पण माझ्यासाठी नाही. त्यांना उठवायला कोणी आलं, तर त्याच्या आडवं मी उभं राहायचं. आणि आत्तापर्यंत उठवायला आलेला माणूस मीच होतो.

वकिलाकडून अकरा वाजता घरी गेलो. फोटो बगलेत. पुढच्या खोलीत खोके बांधलेले, मशीनवर चादर. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "नवं कुलूप बसवायला आलास? एक दिवस लवकर आलास."

मी म्हटलं, "नाही. खिळे आहेत का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बगलेतल्या फोटोकडे. आत गेल्या, आणि तळहातावर खिळे घेऊन आल्या. अगदी तशाच उभ्या राहिल्या. मी स्टुलावर चढलो. फिकट चौकोन तिथेच होता, रंग दिला नव्हता.

"सरळ आहे?"

"डावीकडे. अजून. आता जास्त झालं. तुझे बाबाही असंच करायचे, थोडं सरकवा सांगितलं की हातभर."

खाली उतरलो आणि दस्ताची प्रत दिली. सगळं सांगितलं, तीन दिवसांचंसुद्धा. त्यांनी चष्मा लावून वाचलं. कलम पाचपाशी थांबल्या.

"म्हणजे मी तुझी भाडेकरू?"

"नाही. मी तुमचा राखणदार."

"पगार मिळायचा नाही."

"माहीत आहे."

मग त्यांनी चष्मा काढला आणि फोटोकडे बघत म्हणाल्या, "मी त्यांना आरसा दिला रे."

"मला दार वाटलं," मी म्हटलं.

आम्ही दोघंही तिथे उभे होतो, त्या चौकोनासमोर. मग त्यांनी मशीनवरची चादर काढली, घडी घातली आणि म्हणाल्या, "जेवून जा."

"बस आहे."

"दुकानाचं काय करणार?"

"सोमवारी उघडतो. इथून जाऊन येऊन करीन. संध्याकाळी परत तिकडे."

"आणि तिसरं वर्ष?"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आत्यांनी. दर आठवड्याला फोन असतो आमचा. त्या म्हणतात, तुझ्याशी मात्र पत्रानेच बोलावं."

निघताना मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, एक हाक, जी मी चार वर्षं मारली नाही. तोंडात आली नाही. म्हटलं, "मोटरचं बटण डावीकडचं ना?" त्या म्हणाल्या, "हो रे, डावीकडचं." मला वाटतं त्यांना कळलं.

बाहेर आलो. दाराच्या त्याच भिंतीवर आता नवी काच आहे हे माझ्या लक्षात होतं. हँडल खाली दाबून धरलं, दार हळूहळू चौकटीत नेलं, आणि ते पूर्ण बसल्याचं हाताला कळल्यावर हँडल सोडलं.